बंद दालनातलं चित्र घरोघरी पोचवताना: छोट्या खासगी कलासंग्रहालयासाठी कामाची पद्धत

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि संग्रहालयांना कुलपं पडली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाकडची संग्रहालयं १० नोव्हेंबर २०२० पासून नियमावलीसह उघडू लागली. बाकीच्यांनी राज्य आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना पाहून ठरवायचं होतं. पुढे मार्च २०२१ मध्ये नांदेड आणि बीडमध्ये पुन्हा स्थानिक टाळेबंदी आली, आणि एप्रिलमध्ये राज्यभर ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध. साथीत दार कधी उघडेल हे संग्रहालयाच्या हातात नसतं, आणि मराठवाड्यात ते जिल्ह्याजिल्ह्यागणिक वेगळं असतं. म्हणून चित्रं घरोघरी पोचवण्याचा कार्यक्रम ‘उघडेपर्यंत’ अशा बेताने आखू नका. सहा आठवड्यांचा एक टप्पा धरा. तो संपला की परिस्थिती पाहून पुढचा.

मोठ्या खासगी संस्थांनी याच काळात डिजिटल कामात मोठी गुंतवणूक केली. बंगळुरूचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी तर इमारत खुली होण्याच्या दोन वर्षं आधी, डिसेंबर २०२० मध्ये, डिजिटल रूपातच लोकांसमोर आलं. संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमधल्या दोन-तीन दालनांच्या संग्रहालयाने त्या मार्गाने जायचं कारण नाही. संचालक, एक मदतनीस आणि राखणदार एवढ्याच माणसांवर चालणाऱ्या संस्थेची सगळी ताकद तीनशे साठ अंशांची आभासी फेरी बनवण्यात संपून जाते. ती फेरी स्वस्त मोबाइलवर अडकत चालते, आणि बघणारा एकदा गोल फिरून निघून जातो. तो परत यायला कारण उरत नाही.

नातं टिकवतात त्या गोष्टी साध्या आहेत: ठरलेला वार, ठरलेली वेळ, एकच कलाकृती, तिच्याविषयी बोलणारा ओळखीचा आवाज, आणि समोरून आलेल्या उत्तराला माणसाने दिलेलं उत्तर. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाते, आणि सगळे तीच गाळतात.

आधी यादी

अभ्यागतांच्या नोंदवहीत नाव, गाव आणि मोबाइल नंबर असतात. मागच्या दोन वर्षांची वही उतरवून काढा. पण लोकांनी ते नंबर प्रवेशासाठी दिले होते, संदेशांसाठी नव्हे. म्हणून प्रत्येकाला एकदा फोन करून विचारा: “आठवड्यातून दोनदा एक चित्र आणि तीन मिनिटांचा आवाज पाठवला तर चालेल का?” ‘हो’ म्हणणाऱ्याला त्याच फोनवर आपला नंबर सेव्ह करायला सांगा. ही पायरी ऐच्छिक समजू नका. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पोचवणारी) वापरणार असाल, तर ज्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला संदेश पोचतच नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट यादी करा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुली आणि बायका त्यामुळे गुपचूप बाहेर पडतात किंवा अनोळखी संदेशांना तोंड देत बसतात. शिवाय साथीच्या दिवसांत कुठलाही ग्रुप दोन दिवसांत काढ्याच्या कृतींनी आणि अफवांनी भरतो. एका यादीत २५६ नंबर बसतात. त्याहून जास्त झाले तर याद्याच वेगळ्या करा: कलाशिक्षक, कलाशाखेचे विद्यार्थी, कुटुंबं, ज्येष्ठ मंडळी, चित्रकार-शिल्पकार. चित्र सगळ्यांना एकच, सोबतच्या दोन ओळी मात्र वेगळ्या.

यातला कलाशिक्षक हा सगळ्यात मोलाचा दुवा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवणारे शिक्षक तालुक्या-तालुक्यात आहेत, आणि त्यांचे पालकांचे ग्रुप आधीपासून चालू असतात. त्यांच्यामार्फत एक चित्र शंभर घरांत जातं. इथे एक अडचण येते. एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲपने खूप वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. साखळी लांबली की संदेश तिथेच खुंटतो. म्हणून प्रत्येक शिक्षकाला तुमच्या नंबरवरून थेट पाठवा. त्याने फोटो आणि आवाज मोबाइलमध्ये उतरवून घेऊन नव्याने जोडायचा. हे त्यांना पहिल्याच फोनवर समजावून सांगा.

कोणती कलाकृती निवडायची

सहा आठवडे, आठवड्याला दोन, म्हणजे बारा कलाकृती. राखीव तीन धरून पंधरा काढा.

दालनात जी कलाकृती सगळ्यात भव्य वाटते ती मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा सगळ्यात कमजोर ठरते. खोलीभर पसरलेली मांडणी, पांढऱ्यावर पांढरं काम, काळोखात बघायचं व्हिडिओकाम, ही पहिल्या टप्प्यात नकोत. ज्यांचं माध्यम लोकांच्या हातातलं आहे ती कामं आधी घ्या: माती, गोधडीचा कपडा, गंजलेला पत्रा, सुतळी, बारदान, जुनी कागदपत्रं. समकालीन कलेसमोर “यात काय समजायचं?” असं म्हणून संकोचणारा माणूस बारदानाविषयी मात्र भरभरून बोलतो. मोंढ्यात आयुष्य गेलेल्या हमालाला त्या विणीची, वजनाची, वासाची माहिती कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त असते. कलाकृतीकडे जायची वाट तिथून काढा. संकल्पना नंतर येऊ द्या.

क्रमही जपा. सलग दोन अमूर्त चित्रं नकोत. एक सपाट काम, एक घडीव किंवा विणलेलं, मग एक छायाचित्र, असं फिरवत राहा. दुष्काळ, स्थलांतर, ऊसतोड या विषयांवरची कामं निवडताना एवढं लक्षात ठेवा की बघणाऱ्यांत स्वतः ऊसतोडीला गेलेली घरं आहेत. त्यांच्यासाठी तो ‘विषय’ नसतो. निवेदनात त्यांना त्यांच्याच कष्टांचा अर्थ शिकवायला जाऊ नका.

निवड झाली की हक्कांचं काम लगेच उरका. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे चित्र विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती करून पसरवण्याचा हक्क मिळाला, असं होत नाही. तो हक्क सहसा कलावंताकडेच राहतो आणि त्याच्या हयातीनंतर साठ वर्षं चालतो. परवानगी लेखी घ्या, आणि तिच्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरती. इंटरनेटवर टाकलेलं चित्र भारतापुरतं राहत नाही, म्हणून ‘जगभर’ असा शब्द हवा. ‘मोबाइल संदेश, समाजमाध्यमं, आकाशवाणी, छापील पत्र’ अशी माध्यमंही नावानिशी लिहा. मानधन कमी असलं तरी द्या. टाळेबंदीत कलावंताचं उत्पन्नही थांबलेलं असतं, आणि त्याचंच काम वापरून संग्रहालय स्वतःला जिवंत ठेवत असतं.

चित्राचा तुकडा कापून पाठवत असाल तर खाली ‘तपशील’ असं लिहा आणि पूर्ण चित्र सोबत जोडा. चित्रावर संस्थेचं बोधचिन्ह छापू नका. कायद्याच्या ५७ व्या कलमात कलावंताला कलाकृतीच्या मोडतोडीविरुद्ध हक्क आहे. तो नसता तरी हे करू नये.

छायाचित्र

भिंतीवरचं चित्र मोबाइलने उभ्या उभ्या टिपलं की तीन दोष हमखास येतात: चौकट तिरकी होते, एक बाजू उजळ दिसते, आणि रंग पिवळट येतो. तिन्ही टाळता येतात.

चौकट सरळ यावी म्हणून कॅमेऱ्याची उंची चित्राच्या बरोबर मध्यावर हवी. भिंतीवर, चित्राच्या मध्याच्या रेषेत, एक छोटा आरसा सपाट धरा. लेन्समधून बघताना लेन्सचंच प्रतिबिंब आरशाच्या मध्यात दिसलं की कॅमेरा भिंतीला समांतर आहे. मोबाइल असेल तर रुंद लेन्स वापरू नका. दोन पट झूम लावा आणि मागे सरका, नाहीतर कडा फुगतात.

उजेडासाठी एकाच बनावटीचे दोन एलईडी दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, चित्राच्या लांब बाजूच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर ठेवा. दालनातले बाकीचे दिवे बंद आणि खिडक्या झाकलेल्या. दोन तऱ्हेचा उजेड मिसळला की तो रंगदोष नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. पहिला फोटो चित्रासमोर राखाडी कार्ड धरून घ्या, त्यावरून पांढऱ्याचं संतुलन ठरवा, मग कार्ड काढून खरा फोटो. कॅमेरा असेल तर आयएसओ १००, छिद्र एफ ८, तिकाटण्यावर ठेवून, टायमर लावून. काच असेल तर कॅमेऱ्यामागे काळं कापड ताणा, त्यात लेन्सपुरतं भोक ठेवा. फ्लॅश कधीच नको.

रंगाचा जाड थर, शिवण किंवा ठोक्याचं काम असेल तर दुसरा फोटो एकच दिवा जवळजवळ भिंतीला टेकवून, आडव्या उजेडात घ्या. पृष्ठभागाचे उंचवटे त्यात दिसतात, आणि लोक सगळ्यात जास्त वेळ या फोटोवरच रेंगाळतात. तिसऱ्या फोटोत कलाकृतीशेजारी माणूस उभा असू द्या, नुसता मापासाठी. पडद्यावर सहा फुटांचं चित्र आणि वीतभर चित्र सारखंच दिसतं, आणि ‘इंच’ वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही.

मूळ फाइल मोठी जपून ठेवा. पाठवायची प्रत लांब बाजूला १६०० पिक्सेल, जेपेग, तीन-चारशे केबी, रंगपद्धती एसआरजीबी. कॅमेऱ्यातून अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत आलेली प्रत तशीच पाठवली तर कित्येक मोबाइलवर लाल-हिरवे रंग मेलेले दिसतात. पाठवण्याआधी कलावंताला प्रत दाखवा आणि “रंग बरोबर वाटतात का?” एवढंच विचारा.

आवाज

लिहिलेला मजकूर नव्हे, आवाज पाठवा. मोबाइल घरात एकच असतो. तो मुलांच्या अभ्यासाला जातो, रात्री मोठ्यांच्या हाती येतो. स्वयंपाक करताना, जनावरांना वैरण टाकताना ऐकता येतं, वाचता येत नाही. शिवाय वाचता न येणारी आणि दृष्टी नसलेली माणसंही ऐकू शकतात.

लांबी तीन मिनिटं, म्हणजे सावकाश बोलताना साधारण ३३० ते ३५० शब्द. पाच मिनिटांची फाइल लोक ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवतात आणि ती राहून जाते. एका वेगळ्या माणसाने लिहून दुसऱ्याने वाचलेलं कानाला लगेच कळतं, म्हणून बोलणाऱ्यानेच मुद्दे काढावेत.

निवेदनाचा क्रम असा ठेवा. आधी आकार, अंगाच्या मापात: “दाराएवढं उंच, दोन हात पसरले तेवढं रुंद.” मग माध्यम. मग डावीकडून उजवीकडे काय काय दिसतं, मत न देता. हा भाग दीड मिनिटाचा तरी हवा. पूर्ण दृष्टी असलेल्यांनाही तो हवा असतो, कारण त्याशिवाय डोळा चित्रावर थांबत नाही. त्यानंतर कलावंताविषयी दोन वाक्यं: गाव, काम कसं केलं. पुरस्कारांची जंत्री नको. शेवटी एक प्रश्न, आणि तो असा की त्याचं उत्तर बघणाऱ्याकडेच असतं. “तुम्हाला या चित्रातून काय बोध झाला?” हा प्रश्न शाळेतला आहे, त्याला कुणी उत्तर देत नाही. “या कपड्याचा जोड तुमच्याकडे कसा घालतात?” याला उत्तरं येतात.

‘अवकाश’, ‘विखंडन’, ‘विमर्श’ असे शब्द काढून टाका. ते न वापरता सांगता येत नसेल तर ते काम अजून आपल्यालाच पुरतं कळलेलं नाही असं समजा आणि पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसा.

रेकॉर्डिंग पहाटे सहा ते आठच्या दरम्यान, पंखा बंद, खिडक्या लावून. रिकामं दालन घुमतं, म्हणून लहान खोली निवडा, भिंतीशी दोन गोधड्या टांगा आणि त्यांच्याकडे तोंड करून बोला. मोबाइल तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार थेट माइकवर बसत नाही. मोबाइल विमान-मोडवर. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहून रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये खोलीचा गुणगुणाट ओळखून काढायला तो तुकडा लागतो. मागे संगीत नको. छोट्या स्पीकरवर संगीत आणि आवाज एकमेकांत मिसळून दोन्ही कळेनासे होतात. एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस ठेवलं तर तीन मिनिटांची फाइल दीड एमबीच्या आत बसते, आणि रेंज कमी असलेल्या वस्तीवरही उतरते. याच तीन मिनिटांचा व्हिडिओ केला तर तो दहापट जड होतो.

मराठीची एक फाइल झाली की उर्दू-दखनीतली दुसरी करा. संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीडमध्ये तिच्याशिवाय शहराचा मोठा भाग बाहेर राहतो. ती मराठीचं भाषांतर नसावी. दखनी बोलणाऱ्या माणसाला चित्रासमोर बसवून त्याच्या शब्दांत बोलू द्या. बंजारा तांड्यांवर पोचायचं असेल तर त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलणारा शिक्षक शोधा. तांड्यावरच्या बायकांना भरतकामावरच्या कलाकृतीविषयी बोलायला सांगाल तर निवेदन त्याच करतील, तुम्ही फक्त रेकॉर्ड करा.

पाठवणं, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही ते

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. आधी फोटो, मग आवाज, मग एक ओळ. क्रम उलटला तर लोक चित्र न बघताच ऐकतात. भारनियमनाच्या वेळा तालुक्यागणिक बदलतात, त्या शिक्षकांना विचारून घ्या. वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी पाठवू नका, पुढच्या वारालाच पाठवा.

वेबसाइट असेल तर तिच्यावर सगळं साठवत जा. नसेल तर युट्यूबवर स्थिर चित्र आणि आवाज जोडून ठेवा. तो साठा आहे. पोचवण्याचं काम मात्र संदेशच करतो.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी मिस्ड कॉलचा नंबर द्या. मिस्ड कॉल आला की संग्रहालयातून माणूस उलट फोन करतो आणि चित्राचं वर्णन बोलून सांगतो. एका फोनला दहा मिनिटं धरली तर दिवसाला पंधरा फोन, अडीच तास. याहून जास्त एका माणसावर टाकू नका, आवाज यंत्रासारखा होतो. ज्येष्ठांशी बोलताना प्रश्नपत्रिका नको. “मावशी, कसं आहे घरी?” इथून सुरुवात, आणि तब्येतीवरच बोलणं संपलं तरी तो फोन वाया गेला नाही.

आकाशवाणीची केंद्रं संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे आहेत आणि त्यांना स्थानिक, तयार, स्वच्छ आवाजातलं साहित्य हवं असतं. संभाजीनगरात एमजीएम या शिक्षणसंस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. त्यांच्याकडे जाताना कल्पना घेऊन जाऊ नका. चार भाग रेकॉर्ड करून, लेखी परवानग्यांसह घेऊन जा. रेडिओसाठी वर्णनाचा भाग वाढवून निवेदन पाच मिनिटांचं करावं लागतं, कारण तिथे फोटो नाही.

पोस्टकार्ड विसरू नका. पन्नास पैशांच्या कार्डावर संग्रहालयाचा पत्ता आधीच छापून पाच-पाच कार्डं शिक्षकांमार्फत वाटली तर मुलं चित्र काढून परत पाठवतात. आलेली कार्डं एक दिवस कागदी पिशवीत वेगळी ठेवून मग हाताळा.

उत्तरं

एक वही करा: तारीख, नाव, गाव, काय म्हणाले, काय उत्तर दिलं, कुणी दिलं. प्रत्येकाला दोन दिवसांत, नावाने, त्यांच्याच वाक्याला धरून उत्तर गेलं पाहिजे. नमस्काराचा स्टिकर म्हणजे उत्तर नाही. “छान” एवढंच आलं तर उलट विचारा, “पहिल्यांदा नजर कुठं गेली?” दर तिसऱ्या पाठवणीत आधीच्या उत्तरांतली तीन, परवानगी घेऊन, नाव-गावासह आवाजातच ऐकवा. सेलूच्या माणसाने काय पाहिलं हे औशाच्या माणसाला कळलं की प्रेक्षक एकमेकांचे होतात.

टीका आली, “हे लेकरूही काढील” असं कुणी म्हटलं, तर बचाव करू नका. त्याला तेच चित्र घरी काढून बघायला सांगा आणि काढलेलं मागवा. बरेच जण पाठवतात, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

उत्तरं कमी येऊ लागली तर आधी यादी तपासा, मग वेळ, मग प्रश्न. कलाकृतीला दोष सगळ्यात शेवटी द्या.

मुलांसाठी घरातले रंग

मार्च २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तू वापरून नावाजलेली चित्रं पुन्हा उभी करायला सांगितलं आणि जगभरातून फोटो आले. ते आपल्याकडे तसंच्या तसं चालत नाही, कारण त्यात मूळ चित्र आधीच ओळखीचं असावं लागतं. माध्यमापासून सुरुवात केलेली बरी.

टाळेबंदीत दुकानं बंद आणि रंगपेट्या नाहीत, पण गेरू, हळद, कोळसा, नीळ, काळी माती, पांढरी माती घरोघर असते. गेरू आणि पिवळी माती, काजळी, चुना किंवा पांढरी माती हे अजिंठ्याच्या भिंतींवरचेही रंग आहेत. तिथला महागडा निळा, म्हणजे लाजवर्द, तेवढा परक्या मुलखातून आला. हे मुलांना जरूर सांगा.

रंग कागदाला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक: एक चमचा कुटलेला डिंक, तीन चमचे कोमट पाणी, रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळून. माती आधी पाण्यात ढवळून जाड वाळू खाली बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी ओतून घ्यायचं, ते निवळल्यावर तळाशी राहतो तो बारीक रंग. एक चमचा रंगाला अर्धा ते एक चमचा डिंकपाणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर पापुद्रे निघतात. वहीचा कागद गोळा होतो, म्हणून लग्नपत्रिकेची कोरी बाजू किंवा खोक्याचा पुठ्ठा वापरायचा. हळदीचा पिवळा उन्हात उडतो. चुना लागला की हळद लाल होते. हा प्रयोग मुलांना फार आवडतो, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून तो मोठ्यांनी आणि चिमूटभरच घालायचा.

मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मागू नका. हात आणि चित्र पुरे. प्रसिद्ध करायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी. स्पर्धा आणि क्रमांक नकोत. क्रमांक आला की पहिल्याच आठवड्यात मोठ्यांनी काढून दिलेली चित्रं येऊ लागतात.

शोकाचे दिवस

एप्रिल-मे २०२१ सारखे दिवस आले की ठरलेला वारही मोडावा लागतो. लोक ऑक्सिजनसाठी आणि खाटेसाठी धावत असताना “आजचं चित्र” पाठवणं त्यांना दुखावतं. आधीच ठरवून ठेवा: यादीतल्या लोकांकडून आठवडाभरात मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या तर पाठवणी थांबवायची, आणि तसं एका वाक्यात कळवायचं. न सांगता गप्प होऊ नका. ज्या घरी माणूस गेलं तिथे संस्थेच्या नावाने छापील शोकसंदेश नको, ओळखीच्या माणसाने फोन करावा. गेलेल्याचा नंबर यादीतून तातडीने काढू नका, घरच्यांना विचारा. पुष्कळदा तो मोबाइल आता मुलगी किंवा सून वापरते आणि तिला संदेश हवे असतात.

पुन्हा सुरू करताना पहिली कलाकृती शांत घ्या, निवेदन दोनच मिनिटांचं ठेवा, प्रश्न विचारू नका.

थेट कार्यक्रम आणि दालनाची देखभाल

थेट ऑनलाइन गप्पा महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नको. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटं मिळतात, तेवढीच पुरेत: पंधरा मिनिटं कलावंत, बाकी प्रश्न. लॅपटॉपला जोडलेला मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचा हाताशी असू द्या.

बंद दालनात आठवड्यातून दोनदा चक्कर हवी. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर आणि कापडावर बुरशी धरते. एसी दिवसा चालू, रात्री बंद असं करण्यापेक्षा तो बंद ठेवून पंखे फिरते ठेवलेले बरे, कारण आर्द्रतेचे झोके कलाकृतीला जास्त मारक. राखणदार चक्कर मारताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करत असेल तर ते लोकांना दाखवा. रिकामं दालन, त्याची पावलं, एका चित्रावरून फडकं न लावता मऊ ब्रशने झटकलेली धूळ: लोकांना हे फार जवळचं वाटतं, आणि संग्रहालयाचं खरं काम काय असतं हेही कळतं.

दार पुन्हा उघडताना

चाळीस फूट बाय तीस फूट दालनात एका माणसाला शंभर चौरस फूट धरले तर बारा माणसं होतात. दोन कर्मचारी वजा जाता दहा अभ्यागत. पंचेचाळीस मिनिटांचा गट, पंधरा मिनिटं मोकळी, त्या वेळात दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची. जायचा रस्ता एक, यायचा दुसरा. मार्गदर्शकाने मोठ्याने बोलू नये. आधी पाठवलेलेच आवाज लोक स्वतःच्या मोबाइलवर ऐकतील. सामायिक हेडफोन नकोत.

सॅनिटायझर फक्त प्रवेशद्वाराशी, आणि हात पूर्ण वाळल्यावरच आत. अल्कोहोलने ॲक्रिलिक रंग विरघळतो, वार्निश पांढुरकं पडतं, आणि चौकटीतल्या ॲक्रिलिक शीटला बारीक तडे जातात. हायपोक्लोराइटची (जंतुनाशक ब्लीचची) फवारणी दालनात करूच देऊ नका. त्यातल्या क्लोराइडने लोखंड आणि कांस्याची शिल्पं गंजतात. पालिकेची किंवा कंत्राटी माणसं फवारायला आली तर त्यांना दारातच सांगता यावं म्हणून मराठीतली सूचना ठळक लिहून लावा. फरशी साबणाच्या पाण्याने पुसली की पुरते. दाराच्या मुठी, कठडे आणि बाक दर गटानंतर पुसायचे, फडक्याने, फवारून नव्हे.

पहिल्या आठवड्यातल्या वेळा उत्तरांच्या वहीतल्या लोकांसाठी राखून ठेवा आणि त्यांना फोन करून बोलवा. तालुक्याहून येणाऱ्यांना एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, म्हणून अकरा ते तीनचे गट त्यांना द्या आणि शहरातल्यांना सकाळ-संध्याकाळ. मंगळवारची पाठवणी उघडल्यावरही चालू ठेवा, शुक्रवारची थांबवली तरी चालेल. किनवटहून संभाजीनगरला यायचं तर एक अख्खा दिवस प्रवासातच जातो. तिथल्या यादीवरचे बहुतेक लोक दालनात कधीच येणार नाहीत, आणि त्यांचा फोन घेणारा माणूस तिकीटखिडकीच्या कामाला लावू नका.